चिरेखाणीच्या गावातून आस्वानच्या खाणीत : एका इजिप्त सहलीचे परीक्षण

यंदाच्या जानेवारी महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका छोट्या सहल संस्थेबरोबर मी आणि माझी पत्नी इजिप्तला जाऊन आलो. दहा दिवसांची सहल आणि चोवीस जणांचा गट होता. मुंबईहून जाण्या-येण्याचे विमानभाडे, सर्व ठिकाणची प्रवेशशुल्के, दोन वेळचे जेवण आणि नाईल नदीवर बोटीतील तीन रात्रींचा मुक्काम धरून माणशी १ लाख ७२ हजार रुपये खर्च आला. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसांना ही रक्कम लहान नाही, म्हणून ती कशी वसूल झाली आणि कुठे वाया गेली हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला. प्राचीन इजिप्तचा भाग दोन तासिकांत संपवावा लागे आणि त्यात पिरॅमिड, ममी आणि ‘इजिप्त ही नाईल नदीची देणगी’ या वाक्यापलीकडे फारसे काही सांगता येत नसे. माझे वडील मात्र आयुष्यभर चिरेखाणीत राबले. जांभा दगड कातळातून सुटा करायला किती घाम गाळावा लागतो हे मी लहानपणापासून पाहिले होते, त्यामुळे पिरॅमिडचे चित्र फळ्यावर काढताना हे दगड काढले कोणी, वाहिले कोणी आणि त्या माणसांना मजुरी काय मिळाली, हा प्रश्न माझ्या मनात दरवर्षी येई. या सहलीचे मोल मी त्याच प्रश्नाच्या मापाने केले आहे. राजांचे सोने पाहण्यासाठी जाणाऱ्यांना माझे परीक्षण थोडे एकांगी वाटेल, याची मला जाणीव आहे.

संस्थेच्या सेवेतील सर्वांत चांगला भाग सहल सुरू होण्यापूर्वीच आम्हांला मिळाला. डिसेंबरमध्ये सलग तीन रविवारी संध्याकाळी रत्नागिरीत व्याख्याने ठेवली होती आणि प्रत्येकाला एक मराठी पुस्तिका दिली होती. पहिले व्याख्यान नाईलच्या पुरावर होते आणि ते कोकणातल्या श्रोत्यांसाठी किती विचारपूर्वक बेतले होते, याचे मला आजही कौतुक वाटते. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. इथियोपियाच्या डोंगराळ प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात पडणारे पाणी नाईलला मिळते आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत खालच्या खोऱ्यात पूर येत असे. म्हणजे आपल्याकडे लावणीची घाई चालू असते त्या सुमारास तिकडची शेते पाण्याखाली जात, आणि आपल्याकडे भातकापणी होते तेव्हा तिकडे ओल्या काळ्या गाळात पेरणीला सुरुवात होत असे. पूर, पेरणी आणि कापणी असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू, प्रत्येकी ३० दिवसांचे १२ महिने आणि वर्षाअखेरीस वेगळे ५ दिवस, असे ३६५ दिवसांचे पंचांग त्या लोकांनी बसवले. त्या काळ्या गाळावरूनच ते आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हणत असत. आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यापासून हा वार्षिक पूर येत नाही, हेही व्याख्यात्यांनी आवर्जून सांगितले.

पुस्तिकेत मात्र एक गंभीर चूक आहे आणि ती पुढच्या आवृत्तीत सुधारली गेलीच पाहिजे. पिरॅमिड लाखो गुलामांनी चाबकाच्या फटक्यांखाली बांधले, असे तिच्यात सरळ लिहिले आहे. गिझाच्या पठाराजवळ १९९० पासून कामगारांची थडगी सापडत गेली, त्यांच्या वस्तीचे उत्खनन झाले, तिथे पाव भाजण्याच्या भट्ट्या आणि बैल, मेंढ्या व शेळ्या यांच्या हाडांचे ढीग मिळाले. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत ज्यांना मानाने पुरले गेले आणि ज्यांच्या जेवणात मांस होते, त्या माणसांना साखळदंडातले गुलाम म्हणता येत नाही. काम सक्तीचे होते का, शेतकऱ्यांना पाळीपाळीने बोलावले जात असे का, यावर चर्चा होऊ शकते; परंतु इतक्या वर्षांनंतर जुनीच कथा मराठी वाचकाच्या हाती देणे मला पटले नाही. गिझाला आमच्या स्थानिक मार्गदर्शकाने ही माहिती अगदी बरोबर दिली, त्यामुळे पुस्तिका एक सांगते आणि मार्गदर्शक दुसरेच, असा घोळ गटातील काही जणांच्या मनात झाला.

गिझा येथे आम्हांला अर्धा दिवस मिळाला आणि तो पुरेसा होता. खुफू या राजाचा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमारास पूर्ण झाला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर, पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत, हे आकडे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. पण खालच्या थरातला दगड माझ्या छातीपर्यंत येतो हे तिथे उभे राहिल्यावर कळले. आमच्याकडचा चिरा एक माणूस उचलतो आणि दिवसभर उचलत राहिला तर रात्री त्याची कंबर धरते. इथल्या दगडाचे सरासरी वजन अडीच टन धरतात. आतील दालनातले ग्रॅनाइट दक्षिणेकडील आस्वानहून, म्हणजे नदीमार्गे आठशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून आले, आणि बाहेरचे पांढरे गुळगुळीत आवरण नदीपलीकडच्या तुरा येथील चुनखडीचे होते.

या चुनखडीच्या वाहतुकीविषयी मार्गदर्शकाने जे सांगितले ते ऐकताना मी टिपणवही काढली. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ नावाचे खुफूच्या काळातील बंदर आहे. तिथे २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या फ्रेंच पथकाला पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर सापडलेल्यांत ते सर्वांत जुने आहेत. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. आज तुऱ्याच्या खाणीत दगड भरले, आज होडीतच मुक्काम केला, आज गिझाला पोहोचलो, असे त्याने दिवसागणिक टिपून ठेवले आहे. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या होत असत असे त्यावरून दिसते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बंदरावर कामाचा हिशेब ठेवणारा हा माणूस मला कोणत्याही राजापेक्षा जवळचा वाटला. ही माहिती आमच्या पुस्तिकेत एका ओळीनेही नाही.

सक्कारा येथे जोसेर या राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड पाहिला. इमहोतेप या त्याच्या अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेली ही सहा टप्प्यांची वास्तू गिझाच्या पिरॅमिडच्या सुमारे शंभर वर्षे आधीची आहे. दहशूरचा वाकडा पिरॅमिड, म्हणजे खुफूचा पिता स्नेफेरू याने अर्ध्यात उताराचा कोन बदलून पूर्ण केलेला, वेळेअभावी केवळ बसमधून दाखवला. माझ्या मते तो उतरून दाखवायला हवा होता, कारण चूक झाली, ती ओळखली आणि पुढच्या पिरॅमिडमध्ये सुधारली, ही शिकवण्यासारखी गोष्ट तिथे दगडातच उभी आहे.

आस्वानची ग्रॅनाइटची खाण हा माझ्यासाठी संपूर्ण सहलीचा गाभा होता. इथे एक अपूर्ण ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून कोरायचा चौकोनी, निमुळता स्तंभ, मूळ कातळाला तळाने चिकटलेल्या अवस्थेतच आडवा पडला आहे. लांबी सुमारे ४२ मीटर आणि वजन हजार टनांहून अधिक. पूर्ण झाला असता तर प्राचीन इजिप्तमधील तो सर्वांत मोठा ओबेलिस्क ठरला असता. हात्शेप्सुत या राणीच्या काळातला तो असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. काम चालू असताना दगडाला भेगा पडल्या आणि तो तसाच सोडून द्यावा लागला. त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील असे चर आहेत. त्या चरांच्या भिंती आणि तळ ओंजळीसारख्या खोलगट खळग्यांनी भरलेले आहेत, कारण ग्रॅनाइटवर तांब्याची छिन्नी चालत नाही. डोलेराइट या त्याहून कठीण दगडाचे गोटे हातांत धरून, वरून आपटून आपटून कातळाचा चुरा करायचा आणि चुरा झाडून पुन्हा आपटायचे, अशी ती पद्धत होती. चराच्या भिंतीवर लाल रंगाच्या रेघा दिसतात. कोणी किती खोदले हे मोजण्यासाठी मुकादमाने त्या ओढलेल्या होत्या.

आमच्या गटात लांज्याकडचे एक गृहस्थ होते, ज्यांची स्वतःची चिरेखाण आहे. आतापर्यंतच्या प्रवासात ते फारसे बोलले नव्हते. इथे मात्र त्यांनी चराच्या कडेला बसून भेगेवर तळहात ठेवला, ती कुठून कुठे गेली आहे ते डोळ्यांनी मापले आणि मला म्हणाले, “गुरुजी, ही भेग आतूनच होती. वरनं कळली नसेल. आमच्याकडे पण अशीच होते, निम्मा चर मारून झाल्यावर दगड बोलतो.” माझ्या वडिलांचेही असेच असे. टिकावाच्या दांड्याने ते दगड ठोकून बघत आणि आवाज बद्द आला की तो चिरा बाजूला ठेवत. चिरा बाजूला ठेवला तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. इथे कित्येक महिन्यांचे श्रम त्या भेगेत गेले होते. मार्गदर्शकाने लांज्याच्या या गृहस्थांचे म्हणणे समजून घेतले आणि उरलेल्या गटाला इंग्रजीत पुन्हा सांगितले, ही गोष्ट मला फार आवडली. इथे आम्हांला पाऊण तास मिळाला. तो अपुरा नव्हता, पण भर दुपारी बारा वाजता नेण्याऐवजी सकाळी नेले असते, तर वयस्कर मंडळींना सावलीत थांबून राहावे लागले नसते.

आस्वानहून लक्सरपर्यंतच्या बोटीच्या प्रवासाविषयी थोडक्यात लिहितो. खोल्या स्वच्छ होत्या, कोम ओम्बो आणि एद्फू येथील मंदिरे घाईत पाहिली आणि अबू सिम्बेलसाठी पहाटे साडेतीनला उठवले. रामसेस दुसरा याची ती मंदिरे धरणाच्या पाण्यात बुडू नयेत म्हणून १९६४ ते १९६८ या काळात कापून उंचावर हलवली गेली. ते पाहताना प्राचीन आणि आधुनिक अशा दोन्ही कारागिरांना मनोमन नमस्कार केला.

लक्सरच्या पश्चिम तीरावर देर अल-बहरी येथे हात्शेप्सुतचे मंदिर आहे. तिने पुंत या दक्षिणेकडच्या दूरच्या देशाकडे पाठवलेल्या सागरी मोहिमेची चित्रे तिथल्या भिंतीवर कोरलेली आहेत. पाच जहाजे, मुळांसकट टोपल्यांत घालून वाहून आणलेली गंधरसाची झाडे, पुंतमधील खांबांवर उभी असलेली घरे, आणि जहाजांखालच्या पाण्यात समुद्रातील प्राणी. मार्गदर्शक राणीविषयी सांगत असताना हर्णैच्या एक ताई, ज्यांचा मासळीचा व्यवसाय आहे, खालच्या पट्टीकडे वाकून बघत होत्या. “ही शेवंड आहे बघा गुरुजी, आणि ही माकूल,” असे त्या अत्यंत आनंदाने म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. ते मासे आणि शेवंडी इतक्या अचूक कोरलेल्या आहेत की तांबड्या समुद्रातील जाती त्यांवरून ओळखता आल्या आहेत. राजदरबारातील कलावंताने समुद्र स्वतः पाहिला असला पाहिजे किंवा पाहणाऱ्याने त्याला बारकाईने सांगितले असले पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसांचा गट घेऊन जाणाऱ्या संस्थेने या पट्टीसमोर सगळ्यांना मुद्दाम उभे करायला हवे.

त्याच परिसरात, दोन टेकड्यांमधल्या कोरड्या दरीत, देर अल-मदिना हे कारागिरांचे गाव आहे. राजांच्या दरीतील थडगी खोदणारे, रंगवणारे आणि त्यांवर लेख लिहिणारे लोक इथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. एकमेकांना लागून असलेल्या सुमारे ६८ घरांचे पाये आजही जागेवर आहेत. अरुंद दारे, चार-पाच खोल्या, मागे चूल आणि वर जायला जिना. इथली माणसे लिहीत होती आणि खापरीच्या किंवा चुनखडीच्या तुकड्यांवर लिहीत होती, म्हणून त्यांचे रोजचे आयुष्य आपल्याला वाचता येते. गावाबाहेर पाण्यासाठी कातळात सुमारे ५० मीटर खोल खोदलेला एक प्रचंड खड्डा आहे. त्याला पाणी लागले नाही आणि त्यात टाकलेल्या हजारो लिखित खापऱ्या विसाव्या शतकात बाहेर निघाल्या. कातळात विहीर खोदून पाणी न लागण्याचे दुःख आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, गावांना सांगावे लागत नाही.

या गावातील असाच एक लिखित तुकडा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याची प्रतिकृती मार्गदर्शकाने बरोबर आणली होती. तो चक्क हजेरीपट आहे. रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षात कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही आणि का, याची त्यात नोंद आहे. एकाला विंचू चावला होता, एकाचे डोळे आले होते, एक घरी बिअर बनवत होता, एक आईचे शव गुंडाळण्याच्या विधीत होता. एकतीस वर्षे मी शाळेत हजेरीपट भरला. तो तुकडा हातात धरल्यावर ती नावे मला माझ्याच वर्गातील मुलांसारखी वाटली. कारागिराला महिन्याला चार पोती एमर गहू आणि दीड पोते सातू मिळत असे. रामसेस तिसरा याच्या २९ व्या वर्षी, इसवी सनापूर्वी सुमारे ११५७ मध्ये, हे धान्य वेळेवर आले नाही. तेव्हा महिन्याचे अठरा दिवस उलटले आणि आम्ही उपाशी आहोत, असे सांगत हे लोक काम टाकून जवळच्या मंदिरांमागे जाऊन बसले. जगातील नोंद असलेला हा सर्वांत जुना संप आहे आणि त्याची हकिकत लिहिलेले पपायरस इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात आहे. फळ्यावर पिरॅमिड काढताना दरवर्षी मनात येणाऱ्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

आणि याच ठिकाणी संस्थेने आमची मोठी निराशा केली. देर अल-मदिनाला आम्हांला केवळ पस्तीस मिनिटे दिली गेली. त्यांपैकी वीस मिनिटे सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात उतरण्यासाठीच्या रांगेत गेली. स्वतःसाठी कोरलेल्या त्या लहानशा कोठडीत तो आणि त्याची पत्नी परलोकातील शेतात नांगरताना आणि उभे पीक कापताना रंगवलेले आहेत, आणि ते रंग काल दिल्यासारखे ताजे आहेत. गावातील गल्लीतून पूर्ण चालत जाणे मात्र राहून गेले. त्याच दिवशी दुपारी एका अत्तराच्या दुकानात आणि एका पपायरसच्या दुकानात मिळून आम्ही एक तास पन्नास मिनिटे बसलो होतो. मी घड्याळ लावून मोजले आहे. अत्तर विकत घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु कार्यक्रमपत्रिकेत या दुकानांचा उल्लेखही नव्हता आणि व्यवस्थापकांना विचारल्यावर “स्थानिक संस्थेने ठरवले आहे” एवढेच उत्तर मिळाले. पैसे आम्ही रत्नागिरीत भरले होते, तेव्हा उत्तरही तिथल्याच माणसाने द्यायला हवे होते.

आणखी एक विचार इथे नोंदवतो. आमच्या भागात कशेळीला कातळावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे, बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस आहे. ती कातळशिल्पे ज्यांनी कोरली त्यांनी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही, त्यामुळे त्यांना विंचू चावला होता की नाही हे आपल्याला कधी कळणार नाही. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये चित्रलिपीचा उलगडा केला तेव्हा इजिप्तच्या कारागिरांना पुन्हा वाचा मिळाली, हे देर अल-मदिनाच्या गल्लीत उभे राहून जेवढे जाणवते तेवढे पुस्तकातून जाणवत नाही.

शेवटचे दोन दिवस कैरोत होतो. ग्रँड इजिप्शियन म्युझियमचे औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले आणि आम्हांला तिथे पूर्ण दिवस दिला, याबद्दल संस्थेचे आभार मानले पाहिजेत. तुतानखामुनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे एकत्र ठेवल्या आहेत. सोन्याच्या मुखवट्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. ममी तयार करण्याच्या प्रक्रियेबद्दल एकच सांगतो : शरीरातील पाणी काढण्यासाठी वापरलेला नॅट्रॉन हा क्षार म्हणजे काय, हे आमच्या हर्णैच्या ताईंना कोणी समजावून सांगावे लागले नाही. खारवलेल्या मासळीशी त्यांनी ते लगेच जोडले. विधी एकूण ७० दिवसांचा असे आणि त्यांपैकी सुमारे ४० दिवस शव क्षारात ठेवत.

मला मात्र तिथे खुफूची नौका पाहायची होती. १९५४ मध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी दगडी झाकणांखालच्या खड्ड्यात ती १,२२४ सुट्या तुकड्यांच्या रूपात सापडली. लेबनॉनच्या देवदार लाकडाची ही नौका ४३ मीटरहून अधिक लांब आहे. अहमद युसूफ या पुनर्रचनाकाराने नाईलकाठी होड्या बांधणाऱ्या कारागिरांकडे जाऊन त्यांची कला समजून घेतली आणि अनेक वर्षे खपून ती उभी केली. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत; आतल्या बाजूने भोके पाडून त्यांतून दोर ओवून त्या एकमेकींना शिवलेल्या आहेत. पाण्यात लाकूड फुगते, दोर आवळतो आणि फटी आपोआप बंद होतात. काथ्याच्या दोराने फळ्या शिवून होड्या बांधण्याची रीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही होती, त्यामुळे त्या आतल्या टाक्यांकडे आमच्या गटातील दर्यावर्दी घरांतील माणसे बराच वेळ बघत उभी होती. त्या दालनात आम्ही जवळपास दीड तास होतो आणि मार्गदर्शकाने कोणालाही घाई केली नाही.

बाकीच्या सोयी साधारण समाधानकारक होत्या. रोज रात्री भारतीय जेवण होते. मला स्थानिक भाकरीसारखा पाव आणि शिजवलेल्या बाकल्यांचे ‘फूल’ आणखी दोनदा चालले असते, पण गटातील बहुसंख्यांना वरणभातच हवा होता. खुफूच्या पिरॅमिडमधील चढणीचा मार्ग अरुंद आहे आणि वाकून चढावे लागते, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाहेर थांबणे बरे. ही सूचना संस्थेने आधी द्यायला हवी होती; माझी पत्नी निम्म्यातून परत फिरली.

परत आल्यावर मी संस्थेला पुस्तिकेतील चुकीविषयी आणि दुकानांत गेलेल्या वेळेविषयी सविस्तर पत्र लिहिले. दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. मार्चमध्ये निघणाऱ्या पुढच्या गटासाठी देर अल-मदिनाला अडीच तास राखून ठेवले असून गुलामांविषयीचा परिच्छेद काढला आहे, असे त्यांनी सांगितले. दुकानांचा प्रश्न स्थानिक संस्थेशी बोलून सोडवू असेही म्हणाले. नवी कार्यक्रमपत्रिका मी स्वतः पाहिली आहे आणि त्यात अडीच तासांचा उल्लेख लेखी आहे. जे कोणी नाव नोंदवणार असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी दुकानांविषयीचे उत्तरही लेखीच घ्यावे आणि आस्वानच्या खाणीची वेळ सकाळची मागून घ्यावी.